सातवं कार्ड

बोटीच्या सहलीचा विषय निघाला की लोक आधी जेवणाचं विचारतात, मग बोट लागली का ते विचारतात. दोन्ही उत्तरं माझ्याकडे तयार असतात. जेवण भरपूर होतं, आणि बोट फक्त आमच्या ह्यांना लागली, तीही पहिल्या दिवशी, जहाज धक्क्याला बांधलेलं असताना. पण तुम्ही निवांत बसला आहात, म्हणून तिसऱ्या दिवसाचं सांगते. भर दुपारची गोष्ट आहे. अंधारात काही घडलं असतं तर मी स्वतःच ते हसण्यावारी नेलं असतं.

मी छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढली. बाहेर गेलेलं पुस्तक परत आलं की नाही, हे बघण्यात माझी हयात गेली. म्हणून प्रवासाला निघालो की घरातले सगळे आपापली तिकिटं, किल्ल्या आणि चष्मे माझ्या गळ्यात मारून मोकळे होतात.

ही सहल मुळात दादाची, माझ्या थोरल्या भावाची. वर्षभर आधी त्यानेच सात नावं घातली होती: तो, वहिनी, त्यांचा मुलगा, सून, सहा वर्षांची नात, मी आणि आमचे हे. हिवाळ्यात दादा गेला. त्याचं नाव कमी करा, असं पत्र पाठवायचं होतं. ते भाच्याने पाठवायचं की मी, यावर आम्ही दोघं एकमेकांवर ढकलत राहिलो. खरं सांगायचं तर ते लिहायला दोघांचाही हात उचलत नव्हता. त्यामुळे जहाजावर चढताना पाकिटातून सात कार्डं निघाली, गळ्यात अडकवायच्या निळ्या पट्ट्या लावलेली. सातवं दादाचं होतं. मी ते बाकीच्या कार्डांत सरकवलं.

जहाजाच्या दारात एक यंत्र असतं. उतरताना त्यावर कार्ड टेकवायचं, टिंग वाजतं, माणूस बाहेर गेला. चढताना पुन्हा टेकवायचं, माणूस आत आला. आमच्या ग्रंथालयासारखंच होतं सगळं, फक्त इथे माणसांची नोंद होत होती. मला ते यंत्र फार आवडलं होतं.

तिसऱ्या दिवशी जहाज एका लहानशा बेटाला लागलं. दारात गर्दी, मागून रेटारेटी. मी सवयीने सगळी कार्डं हातात घेतली आणि पत्ते वाटल्यासारखी एकामागून एक टेकवली. टिंग सात वेळा वाजलं. मला वाटलं, नातीचं दोनदा लागलं असेल. जिने आयुष्यभर एक पुस्तक चुकू दिलं नाही, तिने हे चुकवलं.

आता दादाची चाल सांगायला हवी. तो नेहमी मागे राहायचा. आळशी नव्हता, त्याला सगळंच बघायचं असायचं. दोरखंडाची गाठ कशी मारली आहे, कुंपणाला रंग कुठला दिला आहे, हे बघत उभा राहायचा. डाव्या पायाची चप्पल तो घासत चालायचा. एक पाऊल, मग एक फरफट. घरात सगळ्यांना एक गोष्ट पाठ होती: दादाला हाक मारायची नाही आणि मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं की तो थांबायचा, काहीतरी दाखवायला लागायचा, आणि अर्धा तास गेलाच म्हणून समजा. आपण सरळ चालत राहिलं की तो बरोबर मागून यायचा. लग्नानंतर पंधरवड्यातच वहिनी हे शिकली होती.

बेटावर आम्ही किनाऱ्यालगत एका झाडाखालच्या बाकावर बसलो. नात वाळूत, हे घोरण्यात. वहिनीने माझ्याकडून दादाचं कार्ड मागून घेतलं आणि बाकावर आपल्या शेजारी ठेवलं. तोंडाने म्हणाली एवढंच, "त्यांनाच यायचं होतं इथे." मी दुसरीकडे बघत राहिले, कारण मला रडू आलं असतं.

साडेतीनला आम्ही परत जहाजाच्या दारात आलो. सहा कार्डं टेकवली. तिथे पांढऱ्या गणवेशातली एक अधिकारी बाई होती, शांत चेहऱ्याची. तिने पडद्याकडे बघितलं आणि विचारलं की तुमच्यातले एक जण अजून बेटावर आहेत का. चारला दार बंद होईल, त्यानंतर कोणासाठीही थांबता येणार नाही, हेही तिने समजावून सांगितलं.

भाचा घाईघाईने म्हणाला की चूक झाली आहे, ते नाव कमी करून टाका. इतक्यात वहिनीने पर्स चाचपली आणि तिचा चेहरा उतरला. कार्ड बाकावरच राहिलं होतं.

"मी घेऊन येते," ती म्हणाली.

भाच्याने समजावलं, सुनेने हात धरला. वहिनी कोणाचं ऐकेना. शेवटी आमची दोघींची कार्डं पुन्हा बाहेर जाण्यासाठी टेकवून मी तिच्याबरोबर निघाले. मायेपोटी निघाले असं म्हणायला मला आवडेल, पण त्यात कुतूहलही होतं. नोंद आहे आणि माणूस नाही, याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

धक्का लांबलचक होता, लाकडी फळ्यांचा. सकाळी तिथे नुसती गजबज होती. आता सगळे प्रवासी परतले होते आणि टपऱ्यांची दारं लागली होती. वारा पडला होता. तापलेल्या डांबराचा आणि वाळत्या शेवाळाचा वास येत होता. कुठेतरी एक दोरखंड ताणला जाऊन करकरत होता, मग तोही थांबला. आमच्या दोघींच्या सावल्या फळ्यांवर शेजारी शेजारी सरकताना मी बघत चालले होते.

मध्येच वहिनी बोलायला लागली. दवाखान्यातल्या शेवटच्या संध्याकाळी ती आंघोळीला म्हणून घरी निघाली होती. दारापर्यंत गेली तेव्हा पलंगावरून दादाने "अगं..." अशी हाक मारली. ती थांबली नाही. वळलं तर अर्धा तास जाईल, या सवयीने सरळ बाहेर पडली. परत आली तेव्हा पलंग रिकामा होता.

"एकदा ठेवून आले त्यांना," ती म्हणाली. "आता इथे नाही ठेवणार."

मी नुसता तिचा हात धरला.

बाकावर कार्ड नव्हतं. मी खाली बघितलं, मागे बघितलं, वाळू उकरली. ग्रंथालयात कपाटामागे पडलेलं पुस्तक शोधावं तसं शोधलं. वाऱ्याने उडालं म्हणावं तर पान हलत नव्हतं. वहिनी मात्र शोधत नव्हती. ती बाकासमोरच्या वाळूकडे बघत होती. तिथे पावलं होती, पण तिथे दिवसभर किती माणसं चालली असतील. त्यातल्या एकाच माणसाच्या डाव्या पावलामागे प्रत्येक वेळी एक लांबट रेघ होती. ती बाकापासून धक्क्याकडे जात होती.

"चला वन्सं," ती हळूच म्हणाली. "उशीर होईल."

आम्ही परत फळ्यांवर आलो. वीसेक पावलं चाललो असू. आमच्या पावलांचे आवाज मला ओळखू येत होते, वहिनीचा हलका, माझा जड. मग मागून तिसरा आला. एक पाऊल... मग एक फरफट.

मानेवरचे केस उभे राहिले, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला वळून बघायचं होतं. आयुष्यात कशाची इतकी इच्छा झाली नसेल. मी मान जरा वळवली असेन नसेन, वहिनीने माझं मनगट घट्ट आवळलं.

"बघू नका... थांबतील ते."

"वहिनी, पण..."

"येतायत ना. येऊ देत."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती नाकासमोर बघत होती. एक मात्र मी टिपलं. जन्मभर दादाच्या पुढे दहा पावलं असणारी वहिनी त्या दिवशी पाय अगदी रेंगाळत टाकत होती. त्याच्या चालीने. मागचा आवाज मध्ये एकदा थांबला, दोरखंड जिथे खुंटाला गुंडाळला होता तिथे. वहिनीही थांबली, वळली नाही. जरा वेळाने फरफट पुन्हा सुरू झाली.

दारात अधिकारी बाई घड्याळ बघत उभी होती. माझं कार्ड पुन्हा लागलं, वहिनीचं लागलं. मग टिंग तिसऱ्यांदा वाजलं. यंत्रापाशी आम्हा दोघींशिवाय कोणाचा हात नव्हता. बाई माझ्या खांद्यावरून किंचित वर बघत होती. दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच होता.

"पाय जपून, काका," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "झाले, सातही आले."

मी तेव्हा मागे बघितलं. बघायलाच हवं होतं मला. धक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता आणि ऊन फळ्यांवर चकाकत होतं.

बाकीचे दिवस वहिनी हसत होती, पोटभर जेवत होती, नातीबरोबर पाण्यात पाय सोडून बसत होती. भाचा म्हणाला, आईला हवापालट मानवला.

शेवटच्या दिवशी घरच्या बंदरात सगळे उतरलो. दारात तीच बाई होती. टिंग सहा वेळा वाजलं. मी मुद्दाम विचारलं, सातव्याचं काय. तिने पडद्यावर बोट फिरवलं आणि सांगितलं की ते मघाशीच उतरले, सगळ्यांच्या आधी.

दादा आयुष्यात पहिल्यांदा पुढे गेला होता.

वहिनीच्या घराला अकरा दिवस कुलूप होतं. ते मीच उघडलं, किल्ली माझ्याकडे होती. आत दाराशेजारी एक खुंटी आहे, दादा बाहेरून आला की तिथे छत्री अडकवायचा. खुंटीवर निळ्या पट्टीचं कार्ड लटकत होतं. पट्टी ओली होती, आणि हाताला मीठ लागलं. वहिनीने ते बघितलं, आणि ती चहा टाकायला आत गेली.

आता आम्ही दोघी रोज संध्याकाळी फिरायला जातो. पूर्वी ती माझ्यासाठी थांबायची. हल्ली तिचा पाय भराभर उचलतो. रोज थोडा जास्त. मला धाप लागते, मी हाका मारते, तिला ऐकू जात नाही. वजन उतरलं आहे तिचं, डॉक्टरांना कारण सापडत नाही. विचारलं तर म्हणते, मी छान आहे.

काल ती वळणापर्यंत पोचली तेव्हा मी बरीच मागे होते. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. तिने हात जरासा पुढे केला होता आणि ती कोणालातरी लाडीगोडीने सांगत होती,

"अहो... हळू चाला ना. आलेच मी."