एकतारीतली बाई

जीप उलटली तेव्हापासून सत्यशीलाताई केजच्या आमच्या घराबाहेर पडली नव्हती. हॉर्न ऐकला तरी छातीत धडधड, हातपाय गार. वडवणीला तिच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या, दुसऱ्या बाळाचं बारसं आठवड्यावर आलं होतं आणि ताई नुसती रडत होती. मी ॲप बनवणारा माणूस, दुसरं काय करणार? ॲप बनवलं.

हेडफोन घालायचा आणि मनातली भीती बोलून टाकायची. मागं एकतारी वाजत राहते, श्वासाबरोबर तिची लय संथ होत जाते. एकतारी नांदूरघाटच्या भजनं गाणाऱ्या गहिनीनाथांची. भरदुपारी, शाळेच्या बंद खोलीत रेकॉर्ड केली तेव्हा आम्ही दोघंच होतो.

तिसऱ्या दिवशी ताई चक्क अंगणात येऊन बसली.

"अंगद, ती बाई मधीमधी हं म्हणती ना, लई बरं वाटतंय."

"कुठली बाई?"

"आता मलाच इचार! तूच घातलीस की."

मी हसण्यावारी नेलं. पण माझ्या मित्राच्या बहिणीला, परीक्षेच्या धास्तीनं झोप उडालेल्या खुशनुमालाही मी ॲप दिलं होतं. ती म्हणाली, "भाई, त्या खाला हूं म्हणल्या की धडधड थांबती." दोघींची ओळखसुद्धा नव्हती.

रेकॉर्डिंग मी सेकंद न् सेकंद ऐकून काढलं. तारेखेरीज काही नाही. गहिनीनाथांना गाठलं.

"दार तूच लावलं हुतंस," ते म्हणाले. "पर कुणीतरी मन लावून ऐकत हुतं बघ."

माझी पाचावर धारण बसली. ते रेकॉर्डिंग काढून मी दुसरं घातलं. संध्याकाळी ताईला पुन्हा कापरं भरलं. "बाई कुठं गेली रं?"

जुनं परत घातलं.

बारशाच्या दिवशी ताई हेडफोन घालून जीपमध्ये बसली. ओठ हलत होते. दुपारी फोन आला, मागं बायकांचा कालवा चालला होता.

"पोचले बाबा. बाळ माझ्या मांडीवर हाय."

मला रडूच फुटलं. कुणी का असेना, तिनं माझी बहीण मला परत दिली होती. हेडफोन घातला, एकतारी लावली आणि म्हणालो, "बाई, लई उपकार झाले तुमचे."

तार वाजत राहिली.

हं आला नाही.

मग अगदी कानाशी, दमलेला आवाज आला.

"झालं का समद्यांचं? आता मी बोलू?"

मी हं म्हणालो. तेवढं तरी माझ्याकडून व्हायलाच हवं होतं.

आज चौथा दिवस. हेडफोन मी परवाच कपाटात ठेवला, आणि अजून मधूनमधून हं म्हणतोय.