कुलूप लागलेल्या फाइली

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मोठ्या काकांनी आम्हा तिघा भावंडांना बजावलं होतं. आईला तर अजिबात नाही. मी सांगत नाहीये, नुसती लिहून ठेवतेय. काका रात्री जेवणानंतर जिन्यात बसून बोलत होते आणि मी सगळ्यात खालच्या पायरीवर होते. काही वाक्यं नीट ऐकू आली नाहीत, ती धाकट्याने पुन्हा विचारली. मला धीर झाला नाही.

काकांचं मोठ्या रस्त्याला लागून गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या ट्रकवाल्यांत एक जण होता, त्याला सगळे लोणी म्हणत. बावीस वर्षं ट्रक चालवला, पण गाडीला साधा ओरखडा नाही. काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास समोर ठेवून तो घाट उतरला तरी थेंब सांडायचा नाही, गाडी लोण्यासारखी मऊ चालायची, म्हणून लोणी. हे त्यालाही ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी गाडी ठोकली की तो हळहळायचा कमी आणि शिकवायचा जास्त.

नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी तो दुकानात आला. म्हणाला, "पुढच्या काचेवर कॅमेरा बसवायचाय."

"तुला?" काका हसले. "मालकाने सांगितलं का?"

"नाही. माझ्या मनाने."

काकांनी तीन खोकी काउंटरवर मांडली. पहिला स्वस्तातला, पण रात्री समोरच्या गाडीचा नंबर त्यात दिसत नसे. दुसरा दोन भिंगांचा, एक रस्त्याकडे, एक केबिनमध्ये.

"आतलं नको," लोणी लगेच म्हणाला.

"का रे, गाडी चालवताना नाचतोस की काय?"

लोणी हसला नाही. त्याने तिसरा उचलला. एकाच भिंगाचा, अंधारात स्वच्छ दिसणारा, आवाजही टिपणारा.

काकांनी तो वायपर पुसतो त्या भागातच लावला, नाहीतर पावसात आंधळा होतो. वायर छताच्या पट्टीखालून नेली. मग लोणीला शेजारी बसवून समजावलं.

"यातलं मेमरी कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं भरत जातं. पण गाडीला धक्का बसला की हा टीक वाजतो आणि तेवढ्या फाइलला कुलूप लावतो. ती आपोआप पुसली जात नाही. ट्रकला काय, खड्ड्याखड्ड्याला धक्का. नवशिके इथेच चुकतात, दोन दिवसांत कार्ड कुलपांनीच भरतं. म्हणून धक्का ओळखायची याची ताकद मी अगदी तळाला ठेवलीय. गाडी खरंच कशाला धडकली, तरच वाजेल."

"आणि खड्डा असला तर?"

"नाही वाजणार."

"नक्की?"

"अरे, लेखी देऊ का तुला?"

लोणी काचेकडे बघत राहिला. "म्हणजे खड्डा होता की दुसरं काही, ते कळेल."

"कळेल की."

तो असं का विचारत होता, ते काकांना तेव्हा माहीत नव्हतं. झालं होतं ते असं. एकोणीस नोव्हेंबर, मंगळवारची रात्र, दोन वाजून चाळीस मिनिटं. वीटभट्टीच्या पुढे एक वळण आहे, वळणावर छोटा पूल. धुकं होतं. गाडीच्या डाव्या अंगाला दणका बसला. एकच. लोणीने आरशात पाहिलं, मागे पांढरं धुकं. पाय ब्रेकवर गेला आणि परत आला. तो थांबला नाही. सकाळी बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर काहीतरी घासल्यासारखं दिसलं. चिखल असेल, म्हणून त्याने फडक्याने पुसून टाकलं. नंतर ते फडकंही फेकलं.

तेव्हापासून त्याला घास जाईना. बायको विचारायची, "अहो, झालंय तरी काय? गाडीत काही बिनसलं का?"

"काही नाही."

"काही नाही म्हणत चार पोळ्यांची एक झाली तुमची."

कॅमेरा लागल्यावर त्याला जरा बरं वाटलं. निदान यापुढे तरी संशय राहणार नाही.

तीस नोव्हेंबरच्या रात्री तो त्याच रस्त्याने निघाला. एकटाच, नेहमीसारखा. वीटभट्टी गेली. वळण आलं. रस्ता मोकळा होता, गाडी अलगद चालली होती. पुलावर आली आणि...

टीक.

लाल दिवा लागला. फाइलला कुलूप.

धक्का बसला नव्हता. बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं. दोन चाळीस.

दोन डिसेंबरला परतीची खेप. तोच पूल. टीक. दोन चाळीस.

दुसऱ्या दिवशी त्याने कार्ड काढून काकांच्या हातात दिलं. "तुझा कॅमेरा बिघडलाय."

काकांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाइल लावली. रस्ता, वळण, पुलाचे पांढरे खांब. माणूस नाही, कुत्रंसुद्धा नाही. "अरे, काहीच नाहीये यात," म्हणत काकांनी आवाज वाढवला.

इंजिनाची घरघर. मग दणका. मोठा. चित्रात मात्र गाडी सरळ चाललेली.

आणि दणक्यानंतर एक आवाज. दबलेला, घाईघाईचा. "काही नाही... काही नाही... खड्डा होता..."

काका म्हणाले, "हा तुझाच आवाज."

लोणी स्टुलावर बसला. "या दोन रात्री मी तोंड उघडलं नव्हतं," तो म्हणाला. "हे मी... त्या रात्री बोललो होतो. तेव्हा गाडीत कॅमेराच नव्हता."

काकांनी दुसरी फाइल लावली. तोच दणका. तेच शब्द. मग लोणीने सगळं सांगितलं.

"पुलाखाली उतरून बघितलंस?" काकांनी विचारलं.

लोणीने मान हलवली. नाही.

"बघून ये."

"आणि निघालं काही तर? बावीस वर्षांचं नाव जाईल माझं."

काकांनी कार्ड परत दिलं.

पाच डिसेंबर. लोणी पुलाच्या अलीकडे थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तिथे थांबला. इंजिन चालू ठेवलं. दिवे चालू ठेवले. दोन अडतीस.

तो टॉर्च घेऊन उतरला. उतार निसरडा होता. खाली गवत, छातीएवढं. पाणी नव्हतं. वास होता.

टॉर्चचा उजेड आधी एका काठीवर पडला. मग एका हातावर.

वर ट्रकचा दरवाजा वाजला. लावल्यावर वाजतो तसा.

लोणीने वर पाहिलं. दिव्यांच्या उजेडात कुणी नव्हतं. त्याचा दरवाजा तर तो उघडाच टाकून आला होता.

तो वर आला. उजवा दरवाजा उघडाच होता. तो चढला, बसला. गाडी डाव्या बाजूला किंचित दबलेली वाटली. त्याने डावीकडे पाहिलं नाही. पोलीस चौकी नऊ किलोमीटरवर. तो गाडी वीसच्या वेगाने घेऊन गेला. पूर्ण रस्ताभर त्याने डावीकडे पाहिलं नाही.

चौकीत म्हणाला, "माझ्या गाडीखाली माणूस आला. सोळा दिवस झाले. मी थांबलो नाही."

खाली सापडला तो वीटभट्टीचा रखवालदार होता. घरच्यांना वाटत होतं, भट्टीच्या कामात अडकला असेल; भट्टीवाल्यांना वाटत होतं, घरी गेला असेल. डॉक्टर म्हणाले, लगेच गेला नसावा... पहाटेपर्यंत जिवंत असावा.

हे सांगून काका उठायला लागले. मग धाकट्याने विचारलं, "आणि कॅमेरा?"

कॅमेरा पुरावा होता. ज्याने बसवला त्यानेच वायर न तोडता काढून द्यावा, म्हणून आठ तारखेला पोलिसांनी काकांना बोलावलं. ट्रक चौकीच्या आवारात उभा होता. हवालदाराने दरवाजावरचं सील तोडलं आणि काका वर चढले.

डावीकडच्या सीटचा बेल्ट लावलेला होता.

सीटला चिकटून नव्हता. सीटपासून वीतभर वर उचललेला, मधे गोल. कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा. मधे काहीच नव्हतं.

"हा कुणी लावला?" काकांनी विचारलं.

"त्या रात्री सील केली साहेबांनी. कुणी हात लावलेला नाही," हवालदार खालूनच म्हणाला.

काकांनी बोटाने बेल्ट दाबून पाहिला. तो खाली गेला नाही. मग त्यांनी लाल बटण दाबलं. बेल्ट सुटला... पण झटक्यात आत गेला नाही. हळूहळू गेला. कुणी हाताने धरून सोडावा तसा.

काका म्हणाले, मी सीटवर तळहात टेकला. तीन दिवस बंद असलेली गाडी, डिसेंबरची सकाळ, काचेवर दव, आणि ती सीट हाताला चक्क गरम...

आई हाक मारतेय. आले गं आई, एवढं एकच वाक्य लिहून