दाबलेली तार

दुपारची जुहरची नमाज उरकून गुफरान दुकानात आला, तेव्हा त्याला फक्त एक मेल पाठवायचा होता. पाच मिनिटांचं काम. पाटोद्यात लग्नाचं शूटिंग करणारे पैशाला पासरी, पण गुफरानच्या व्हिडिओत लबाडी नसते, हे नाव त्यानं बारा वर्षं उन्हातान्हात उभं राहून कमावलं होतं. आणि पुण्याच्या मोहनरावांनी सकाळी नेमका त्याच नावावर संशय घेतला होता.

मोहनराव पुण्यात संगीत महोत्सव भरवत. गुफराननं काढलेला, त्याचा दोस्त प्रवीण याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ त्यांना आवडला होता. आष्टीच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक असलेला माणूस ब्लूज-रॉक गिटार वाजवतो, तेही डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नसताना, याचं त्यांना भारी कौतुक. पण शेवटच्या गाण्यापाशी ते अडले.

"दोन बोटांनी हे वाजणं शक्यच नाही," ते फोनवर म्हणाले होते. "आवाज मागाहून भरलाय तुम्ही. मूळ चित्रण पाठवा आणि खरं काय ते लेखी कळवा. नाहीतर नाव रद्द."

गुफरान आधी तडकला. मग त्याच्या डोक्यात किडा वळवळला. आपण तर काही भरलं नाही. म्हणजे प्रवीणनंच आधी भरून आणलेली टेप लावली आणि नुसते हात हलवले? भर कार्यक्रमात आपल्याला उल्लू बनवलं? इतक्या वर्षांची दोस्ती, तरी त्याला ते खरं वाटू लागलं, आणि वाटलं याची लाजही वाटली. त्यानं प्रवीणला बोलावून घेतलं.

प्रवीण आला तो डावा हात पँटच्या खिशात घालूनच. बसतानाही त्यानं तो बाहेर काढला नाही. गुफराननं शटर अर्धं ओढलं. बाहेरच्या उन्हाची एक पट्टी तेवढी फरशीवर उरली.

"खरं सांग बे. टेप लावलती का?"

"मी?" प्रवीण त्याच्याकडं बघतच राहिला. "मला वाटलं, तूच घातलंस काहीतरी. त्या गाण्यात मी तसं वाजवलंच न्हाई, गुफरानभाई."

एकमेकांना चोर समजत होतो, हे दोघांनाही एकदमच कळलं. गुफराननं मग पुढं काही न विचारता संगणकावर मूळ चित्रण लावलं.

तिसरा कॅमेरा त्यानं फक्त प्रवीणच्या डाव्या हातावर रोखलेला होता. मंगल कार्यालयाचं लॉन, उतरत्या उन्हाचा पिवळा उजेड, स्टेजमागं लिंबाचा जाडजूड बुंधा. गिटारचा आवाज वेगळ्या वायरनं घेतलेला. गुफराननं बाकीचे आवाज बंद केले. ड्रम गेले, शिट्ट्या गेल्या. बंद दुकानात एकटी गिटार विव्हळू लागली. कसलासा ओल्या मातीचा वास आला. एप्रिलच्या दुपारी, पाटोद्यात.

त्यानं वेग कमी केला.

प्रवीणची दोन बोटं गिटारच्या दांडीवर, वरच्या पडद्यांवर रोवलेली होती. ती जागची हलली नाहीत. आणि खाली, चार पडदे सोडून, सगळ्यात बारीक तार आपली आपण खाली गेली. लाकडाला टेकली, थोडी आडवी ओढली गेली. सूर रडवेला होऊन वर चढला. मग शेजारची तार दबली.

तारेवर काहीच नव्हतं.

"परत लाव," प्रवीण हळूच म्हणाला.

गुफराननं परत लावलं. तार परत दबली.

"प्रवीण... ते लॉन... आधी काय व्हतं तिथं?"

"बन्सीमामाचं शेत." प्रवीणची नजर स्क्रीनवरून हलेना. "सुट्टीत मामाकडं आलतो. कडबा कापायच्या मशिनीत तिथंच गेली बोटं. दवाखान्यातनं आईनं ती फडक्यात बांधून आणली. म्हनली, अंगाचं हाय, असंच कसं टाकायचं... लिंबाखाली पुरली." त्यानं स्क्रीनवरच्या बुंध्याकडं बोट दाखवलं. "स्टेज कुठं बांधायचं ते मीच सांगितलं, भाई. सावली हाय म्हनून. ध्यानातच आलं न्हाई."

पंखा घरघरत होता.

"काय लिव्हणार तू?" प्रवीणनं विचारलं. "मला पुण्याला जायाचं हाय. लई वर्षं वाट बघितली. पन तू खोटं लिव्हू नको माझ्यापायी."

गुफरानला त्याची दया आली आणि भीतीही वाटली. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि टाइप केलं: आवाज मागाहून भरलेला नाही. टेप लावलेली नाही. जे वाजलं ते त्याच वेळी, त्याच गिटारवर वाजलं. वाचून पाहिलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. चित्रण जोडून त्यानं मेल पाठवला.

दहाच मिनिटांत मोहनरावांचा फोन आला. मूळ चित्रण त्यांनी घाईघाईनं पाहिलं असावं. संशयाबद्दल त्यांनी माफी मागितली. प्रवीणचं नाव पक्कं झालं.

प्रवीणच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझे उपकार कसे फेडू बे," म्हणत तो उठला. गुफरानही उठला आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांनी हात मिळवून मुसाफा करायला पुढं झाला. प्रवीणनं उजवा हात दिला, आणि डावा पहिल्यांदाच खिशातून काढून गुफरानच्या मनगटावर ठेवला.

अंगठा लागला. दोन बोटं लागली, घामेजलेली, कोमट. गुफराननं खाली पाहिलं. हात नेहमीसारखाच होता, दोन बोटांपुढं जुना, गुळगुळीत व्रण.

प्रवीण हसत पुण्याच्या गाडीबद्दल बोलत होता. आणि व्रणाच्या पुढं, जिथं काहीच नव्हतं तिथं, दोन गार टोकं गुफरानच्या मनगटाची शीर चाचपत होती. एक जागा सोडून दुसरी. मग त्यांना हवी ती जागा सापडली, आणि त्यांनी शीर दाबली.