आळेफाट्यावर घुमलेली कबड्डी

आळेफाट्यावरचा नेहमीचा सायबर कॅफे त्या दिवशी बंद होता, म्हणून मी गॅरेजांच्या रांगेतल्या नव्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले. वायरींच्या गुंत्यातून एका मुलानं वर बघितलं, हसला… आणि मी काय विचारायला आले तेच विसरले.

"इंटरनेटवरचा रेडिओ ऐकायचाय. रविवारी."

"विंडोज न्हाई, लिनक्स हाय आपल्या कॉम्प्युटरवर. मीच टाकलंय," तो ऐटीत म्हणाला. मग कान खाजवत— "आवाज तेवढा येत न्हाई."

"मग रेडिओ नुसता बघायचा व्हय?"

तो असा लाजला, की माझा पाय निघेना.

त्याचं नाव सयाजी. आमच्या लोणीतल्या मुलींच्या कबड्डीचं समालोचन मी केलं होतं. पुण्याच्या पोरांनी ते रेकॉर्ड केलं आणि आता त्यांच्या इंटरनेट रेडिओवर ते लागणार होतं— एकदाच. 'पोरीनं माईक कशाला धरायचा,' म्हणून वडील तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनाच मला ते ऐकवायचं होतं.

"मग आवाज आणलाच पायजे," सयाजी म्हणाला.

मी रोज कॉलेज सुटल्यावर जायचे. रेडिओ वाजवायला लागणारं सॉफ्टवेअर त्यानं रडतखडत चालणाऱ्या फोनलाइनवर उतरवलं. रेडिओ सुरू झाला, पडद्यावर सेकंद पळू लागले… पण स्पीकर मुके. रविवारी आईनं कसंबसं धाडलेले वडील दारात उभे राहिले, तेव्हाही मुकेच!

सयाजीनं घाईघाईनं पडद्यावर आवाजाचे उभे पट्टे उघडले. मी वाकले. त्याचा श्वास माझ्या गालाशी…

"पट्टा तर वर आहे. त्याच्याखाली एम-एम कशाला लिहिलंय?"

"म्यूट! आयला, हा पहिल्यापासनं बंदच हाय!"

त्यानं कळ दाबली— आणि माझा आवाज दुकानभर दणाणला. "भागू चढाईला… भागूनं दोघींना लोळवलं! लोणीच्या पोरींनी मैदान मारलं!"

गॅरेजमधले ड्रायव्हर दारात जमले. "कोण हाय ही? लई भारी बोलती, राव!"

वडील शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग टोपी सारखी करून म्हणाले, "माझी लेक हाय ती. शीला."

आणि सगळ्यांना समोरच्या टपरीवर चहा पाजायला घेऊन गेले.

"शीला," सयाजी हळूच म्हणाला, "हा आवाज मला रोज ऐकायचाय. म्हंजे… घरात. तुमच्या वडिलांना विचारू?"

तो निघालासुद्धा! मी त्याची बाही धरली. "अहो, आधी मला तर विचारा."

त्यानं विचारलं. मी इतक्या मोठ्यानं 'हो' म्हणाले, की टपरीवरची माणसं वळून बघू लागली.

बघू देत. मी मान खाली घातली नाही.