सध्या व्यस्त आहे

यातलं मी काहीच वाढवून लिहिलेलं नाही. उलट काही गोष्टी लिहिता आल्या नाहीत, म्हणून गाळल्या आहेत.

दिग्रसला आमचं घर आहे. दिवाळीनंतरचा रविवार होता, मी पुण्याहून माहेरी आले होते. दुपारची जेवणं झाली होती. रस्त्यावरून जिनिंगकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या.

बाबा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिकवणं सुटलं नव्हतं. त्यांनी मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, टेबलावर लेझरचा लाल दिवा ठेवला आणि आईचा पदर त्याच्यासमोर ताणून धरला.

"म्हातारपणी पदर धराले लागले," आई म्हणाली. "पोरगी बसली हाय समोर, तेवढं तरी पाहा."

बाबा हसले नाहीत. शिकवताना ते हसत नसत.

भिंतीवर लाल ठिपके उमटले होते. रांगोळी काढायच्या आधी असतात तसे. ओळीत, बोटभर अंतरावर.

बारीक धाग्यांतून उजेड गेला की असे ठिपके पडतात. स्फटिकातले अणू कसे रचलेत तेही असंच शोधतात, फक्त क्ष-किरण वापरून. ठिपक्यांच्या या जगाला बाबा व्यस्त अवकाश म्हणायचे. व्यस्त म्हणजे उलटं. धागे जितके जवळ, ठिपके तितके लांब.

आमच्याकडच्या पोरांना मात्र व्यस्त म्हणजे हिंदीतलं, कामात अडकलेलं. बाबांना वर्गावर यायला उशीर झाला की पोरं म्हणायची, सर व्यस्त आहेत, अवकाशात.

बाबांनी पदर थोडा बाजूला सरकवला. ठिपके जागचे हलले नाहीत.

"पाह्यलं, रंजू? कापड कसं हाय ते ठिपके सांगतात. कुठं हाय ते नाही सांगत."

"तुमचं बी तसंच हाय," आई म्हणाली. "माणूस कसा हाय ते समजते. कुठं हाय ते नाही."

सोमवारी सकाळी बाबा उठले नाहीत.

तेरवी झाली. पाहुणे गेले. मी आईला पुण्याला चल म्हणत होते. ती येत नव्हती, आणि जेवतही नव्हती. ताटाला हात लावून उठायची. दुपारभर मागच्या खोलीत बसून राहायची.

एकदा तिथे तिला चहा द्यायला गेले.

खिडक्या लावलेल्या. आई दिवाणावर. आणि समोरच्या भिंतीवर...

लाल ठिपके.

मी ड्रॉवर उघडला. लेझर आतच होता. त्याचे सेल काढलेले होते. मीच काढले होते.

उजेड कुठून येतो ते बघायला भिंतीसमोर हात फिरवला. मग खोलीभर फिरवला. सावली कुठेच पडली नाही.

कधीपासून दिसतात, मी विचारलं.

"गेले तेव्हापासून," आई म्हणाली. "तूनंच आता पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी ठिपक्यांमधलं अंतर वाढलं होतं. बोटाची चार बोटं झाली. मग वीत झाली.

इतकं तलम कापड कुठल्याच मागावर विणलं जात नाही. एवढं मला कळत होतं.

आई मात्र खुशीत होती.

"ठिपके लांब चालले. म्हंजे ते जवळ येऊन राह्यले. त्याईनंच सांगतलं ना, उलटं असते म्हणून."

त्या दिवशी तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

डॉक्टरांना बोलवावं की पुण्याची गाडी करावी, मला ठरवता येईना. असं झालं की मी बाबांना फोन करते. अंगणात जाऊन तोच नंबर लावला. त्यांचा फोन कपाटात बंद होता, सिम माझ्या पर्समध्ये. नंबर बंद आहे, एवढंच मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

बराच वेळ काहीच नाही.

मग बाईचा तो ठरलेला आवाज...

"आपण ज्या क्रमांकावर संपर्क करत आहात, तो सध्या व्यस्त आहे."

मी आत पळाले.

आईने धुतलेलं पातळ नेसलं होतं. केस विंचरले होते. दिवाणाच्या मधोमध बसली होती आणि घरात असून तिच्या पायांत चपला होत्या.

भिंतीवर एकच ठिपका उरला होता. बाकीचे पसरत पसरत भिंतीबाहेर गेले होते.

एका ठिपक्यावरून अंतर काढता येत नाही. निदान दोन लागतात.

आईने मान वळवली. माझ्याकडे नाही... दुसऱ्या बाजूला. आणि ती जराशी सरकली. कुणी शेजारी बसायला आलं की सरकतात तशी.

आमच्या घरात कुणी कुणाला जाऊ नको म्हणत नाही. मी होस्टेलला गेले तेव्हा नाही, सासरी गेले तेव्हा नाही. बाबांना नेलं त्या सकाळीही मी आल्या-गेल्याला पाणी देत होते.

मी आईचा हात धरला. तो गार होता.

भिंतीकडे बघावं की दिवाणाकडे, ते कळेना. मी डोळे मिटले. आणि पुण्यात राहून सुटलेली बोली आपोआप तोंडात आली.

"बाबा, तिले नेऊ नका. मले आई पायजे."

खोलीत कुणी हललं नाही.

"मले तुमी बी पायजे होते."