खिळ्यावरचा बिल्ला

"खून आहे हो हा, सरळसरळ खून!" जहाजावरचं विंच, म्हणजे जाड दोर ओढायचं यंत्र, चालवणाऱ्या विंचवाल्याचा आवाज फाटला. त्याने माईला आणि दादाला चहा दिला, स्वतःसाठी दोन कप भरले, दुसऱ्या कपाकडे बघत राहिला आणि तो बेसिनमध्ये ओतून टाकला. ग्रीसने माखलेल्या त्याच्या अंगठ्यावर जुना आडवा व्रण होता.

माई खाजगी तपास करायची. दादा तिचा थोरला भाऊ. तो सोबत फिरायचा आणि हटकून भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

अगडबंब माल नेणारं जहाज ते. टाक्यांत पाणी घेऊन स्वतःचं डेक बुडवायचं, तरंगता माल वर ओढायचा, मग पाणी उपसून मालासकट वर यायचं. काल तेलविहिरीचा तराफा असाच चढवला. डेक वर आलं, आणि लाकडी ठोकळ्यांच्या सांदीत विंचवाल्याचा धाकटा भाऊ! रंगारी बिचारा, बुडून मेला होता. तळहात पिवळ्या रंगाने बरबटलेले, कानांत कापसाचे बोळे.

"त्याच्या बायकोला शब्द दिलाय, मारणाऱ्याचं नाव सांगेन म्हणून. हा साहेबच! काल सकाळीच भांडला होता," विंचवाल्याने डेकच्या साहेबाकडे बोट दाखवलं.

डेकचा साहेब पांढराफटक पडला होता. "भांडलो, खरंय. रंगाला उशीर झाला म्हणून. पण बाई, डेकवर जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला लाल फळ्यावर टांगायचा, आत आलं की हिरव्यावर. बिल्ले रोज सकाळी मी स्वतः पुसतो, आज तेवढा या गडबडीत हात लावला नाही. काल लाल फळा रिकामा झाला, तेव्हाच पाणी घेतलं. देवाशपथ!"

"पाणी घेण्याआधीचा भोंगा वाजला तेव्हा तुम्ही कुठे होता?" माईने विंचवाल्याला विचारलं.

"डेकवरच. लगेच आत आलो. धाकटा मागून येतोच आहे असं वाटलं."

"साहेबानेच बिल्ला हलवला असणार," दादा कुजबुजला.

माईने हिरव्या फळ्यावरचे शेजारशेजारचे दोन बिल्ले काढून भिंगाखाली धरले. मग ती विंचवाल्याकडे वळली.

"धाकटा आत आला असता, तर त्याचा बिल्ला पिवळा झाला असता. इथे रंगाचा ठिपकासुद्धा नाही. कालचं ताजं ग्रीस आहे. अंगठा उमटलाय, मधे आडवी रेघ. शेजारी तुमचा बिल्ला आहे, त्यावरही तोच अंगठा."

"अरे देवा! सख्ख्या भावाला मारलं?" दादा किंचाळला.

"गप रे. मघाशी चहाचे दोन कप कुणी भरले? हाताची सवय आहे ती. भोंगा वाजला आणि यांनी सवयीने दोघांचे बिल्ले हिरव्यावर टांगले. कापसामुळे त्याला भोंगा ऐकूच आला नाही."

विंचवाल्याने आपला अंगठा बिल्ल्यावरच्या ठशाशी लावून पाहिला. "लहानपणापासून विसराळू तो... त्याचा बिल्ला मीच हिरव्यावर टांगायचो. रोजच. काल टांगला, ते आठवतसुद्धा नाही हो मला!"

दार उघडलं. धाकट्याची बायको आत आली.

"भावजी, कळलं का नाव?"

त्याने हात पाठीमागे लपवला. मग सावकाश पुढे धरला.

"कळलं, पोरी. माझंच."