दगडामागे लपलेला ब्रेक

गाडी भिंतीपाशी थांबली तेव्हा आत कोणी नव्हतं, हँडब्रेक पुरता वर ओढलेला होता, आणि गाडी व भिंत यांच्यामध्ये सोसायटीचे अध्यक्ष निंबाळकर होते.

त्यांचा पाय असा मोडला की डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण पूर्वीसारखं नाही. पाय अध्यक्षांचाच असल्यामुळे चौकशी मात्र आश्चर्यकारक वेगाने झाली. गुन्हेगारही सापडला. सदोबा, म्हणजे सोसायटीचा झाडणारा रोबो. चाकामागचा दगड त्यानेच उचलला होता. रस्त्यातला दगड म्हणजे कचरा, असं त्याला शिकवलं होतं, आणि शिकवलेलं तो खरंच करत असे. माणसांत राहायचं तर हे बरं नव्हे. शनिवारी त्याला भट्टीत वितळवायचं ठरलं.

ही पुढच्या काळातली गोष्ट आहे. टेकडीवरच्या त्या वसाहतीतल्या इतर गाड्या आपल्या आपण चालत आणि थांबत. हर्डीकर आजोबांची जुनी पेट्रोलची गाडी, भिंतीपाशी गेलेली तीच, तेवढी माणसाच्या भरवशावर होती. चंद्रावर फिरणाऱ्या गाड्यांची चाकं बनवण्यात आजोबांचा जन्म गेला होता. उतारावर गाडी लावली की चाकामागे दगड ठेवायचं काम त्यांच्या नातीचं, सुमेधाचं. आणि रोज सकाळी तिची सायकल चढावर ढकलायचं काम सदोबाचं.

शुक्रवारी सुमेधा जेवली नाही.

"आजोबा, आपण दगड का लावतो?"

"तुझी आजी सांगायची म्हणून. तिचा ब्रेकवर विश्वास नव्हता. माझ्यावरही नव्हता. ती गेली, दगड राहिला."

"पण हँडब्रेक ओढलेला होता ना? मग दगड काढल्यावर गाडी गेलीच कशी?"

आजोबांचा घास हातातच राहिला. "हे चौकशीत कोणी विचारलं नाही गं. मीसुद्धा."

दोघं सपाट अंगणात उभ्या गाडीपाशी आले. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावून आजोबांनी गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला आणि खाली भक्कम लोखंडी टेकू सरकवले. सदोबा विजेरी धरून उभा राहिला.

"हँडब्रेकचा दांडा ओढ," आजोबा सुमेधाला म्हणाले.

कट्, कट्, कट्... दांडा वर येतच राहिला.

"हा आवाज दातेरी पट्टीचा (दांडा मागे सरकू न देणाऱ्या खाचांची पट्टी). दांडा थोडक्यात घट्ट व्हायला हवा. इतका वर येतो, म्हणजे ओढ कुठेतरी वाया जातेय. आता चाक फिरव."

उजवं चाक कुरकुरत अडलं. डावं मात्र जत्रेतल्या पाळण्यासारखं गरगर फिरलं.

"दांड्यापासून प्रत्येक चाकाकडे एक पोलादी तार जाते. ती ताणली की चाकाच्या डब्यातल्या ब्रेकच्या पट्ट्या डब्यावर दाबल्या जातात आणि घर्षण (दोन वस्तू घासताना होणारा अडथळा) चाक धरून ठेवतं. डावीकडे ही ओढ पोहोचतच नाही, आणि एकट्या उजव्या चाकाला उतारावर गाडी पेलत नाही."

तार बाहेर काढली तेव्हा कारण दिसलं. वरचं आवरण फाटलेलं, आत पाणी शिरलेलं, गंजाने तार आवरणातच चिकटलेली.

"हे कधी झालं असेल?"

"कित्येक वर्षांपूर्वी. पण दगड होता ना! ब्रेकचं काम दगड करत राहिला, म्हणून ब्रेक मेला तरी कळलं नाही. यंत्रात याला राखीव आधार म्हणतात (मुख्य भाग बंद पडला तर उपयोगी पडणारा दुसरा भाग). आधार चांगलाच. फक्त तो बाजूला करून मुख्य भाग अधूनमधून तपासावा लागतो. मी चंद्रावरच्या गाड्यांना हे करायचो. घरच्या गाडीला नाही."

"नवी तार?"

"अशी तार आता कोणी बनवत नाही."

सदोबाने विजेरी आपल्या डाव्या हातावर वळवली. "सुमेधाताई, माझ्या डाव्या हातात एवढीच लांब तार आहे. उद्यानंतर तो हात लागणार नाही."

सुमेधा रडली. आजोबांनी चष्मा पुसला, मग पाना घेतला. टोकं गाडीची, तार सदोबाची. ताण द्यायचा नट थोडाथोडा फिरवत दोन्ही चाकं सारखी अडेपर्यंत त्यांनी ब्रेक जुळवला.

शनिवारी सुमेधाने गंजलेली तार आवरणासकट अध्यक्षांच्या पलंगावर ठेवली आणि आवरण घट्ट धरलं. "काका, ही ब्रेकची तार. ओढा."

निंबाळकरांनी चिडून ओढली. दुसरं टोक हललं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. तरी नाही.

"दगड काढला नसता, तर मी चालत असतो," ते म्हणाले.

"हो काका. आणि एक दिवस दगड आपला आपण सरकला असता. संध्याकाळी त्या भिंतीपाशी आम्ही लगोरी खेळतो."

निंबाळकर खिडकीतून भिंतीकडे पाहत राहिले. "भट्टीवाल्यांना नको म्हणून कळवा," ते शेवटी म्हणाले. "माझ्या पायासाठी काही तार वगैरे?"

"नाही काका."

"वाटलंच."

रविवारी गाडी उतारावर उभी केली, दगडाशिवाय. सगळे लांब उभे राहिले. गाडी हलली नाही.

"सदोबा, आता दगड लाव," सुमेधा म्हणाली.

"ताई, तो कचरा आहे."

"नाही. तो राखीव आहे. दर रविवारी काढायचा, ब्रेक बघायचा, परत लावायचा."

सदोबाने एका हाताने दगड लावला. त्याच्या हातासाठी तार बनवायचं आजोबांनी मनावर घेतलंय, पण तोवर अंगण अर्धंच झाडलं जातं. पहिल्यांदाच अध्यक्षांनी त्याबद्दल तक्रार केलेली नाही. दर रविवारी ते कुबड्या घेऊन तपासणीला येतात. उभे मात्र उतारावर गाडीच्या वरच्या बाजूला राहतात.